समपर्जन्य की समोच्च? आणि ‘इंटरपोलेशन’ला काय म्हणावे?

पर्जन्यमानाच्या नकाशावरील रेषांना एका लेखात ‘पावसाच्या समोच्च रेषा’ म्हटलेले वाचले. हे बरोबर आहे का? आणि इंटरपोलेशनला ‘अंदाज’ म्हटले तर चालेल?

— ‘समोच्च’मध्ये ‘उच्च’ आहे. सारख्या उंचीची ठिकाणे जोडते ती समोच्च रेषा. पावसासाठी समपर्जन्य रेषा, जशी तापमानासाठी समताप आणि वायुदाबासाठी समदाब. समपर्जन्य रेषेच्या ‘आयसोहाइट’ या इंग्रजी नावाची घडणही हीच आहे: ग्रीक ‘इसोस’ म्हणजे समान, ‘ह्युएतोस’ म्हणजे पाऊस. अशा रेषांचा नकाशा समघनी. जिल्हावार छटा भरल्या असतील तर तो क्षेत्रघनी.

‘अंदाज’ मात्र मला फार सैल वाटतो. उद्या पाऊस पडेल, हाही अंदाजच. दोन पर्जन्यमापकांच्या नोंदी हातात असताना मधल्या जागेची किंमत काढणे म्हणजे अंतर्वेशन. ‘प्रवेश’मधला ‘विश्’ धातूच इथे आहे. मोजलेल्या ठिकाणांच्या पलीकडे गेलात, तर ते बहिर्वेशन. ही जोडी ‘अंदाज’मध्ये हरवते.

— ‘प्रक्षेप’ का नको? पोथीत मागाहून घुसवलेल्या ओळींनाही इंग्रजीत इंटरपोलेशनच म्हणतात.

— पोथीपुरता तो उत्तम शब्द आहे. पण नकाशाशास्त्रात ‘प्रक्षेपण’ म्हणजे गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवणे. एकाच नकाशावर दोन्ही आले तर वाचक अडखळेल.

— मग अंतर्वेशनाची ‘व्यस्त अंतर भारांकन’ ही पद्धत काय असते? काही कळले नाही.

— इथे ‘व्यस्त’ म्हणजे कामात गुंतलेला नव्हे, व्यस्त चलनातला. जवळच्या पर्जन्यमापक केंद्राच्या नोंदीला जास्त भार, म्हणजे हिशेबात जास्त वजन, दूरच्याला कमी. समजा, २० किमी अंतरावरच्या दोन केंद्रांवर ४० आणि ८० मिमी पाऊस झाला. पहिल्यापासून ५ किमीवर, त्या दोन्हींना जोडणाऱ्या सरळ वाटेवर किती? फरकाची अंतराच्या प्रमाणात वाटणी केली तर ५० मिमी. अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात भार दिला तर ९:१, म्हणजे ४४ मिमी. नोंदी त्याच, पण ५० मिमीची समपर्जन्य रेषा सरकली! मध्ये डोंगर असेल तर दोन्ही उत्तरे फसू शकतात; वाऱ्याकडच्या उतारावर पाऊस जास्त पडतो, हे नुसत्या अंतराला कळत नाही.

म्हणून ‘या रेषेवर ५० मिमी पावसाची नोंद झाली’ असे लिहू नये. नोंद केंद्रावर होते. रेषेसाठी ‘अंतर्वेशनाने काढलेली’ असे लिहावे आणि पद्धतीचे नाव नकाशाच्या सूचीत द्यावे.