मदत हवी आहे: टोमॅटोवर जास्मोनेट फवारू का? उद्या पहाटेच्या आत सांगा

कुकडीकाठ
मंडळी, लवकर उत्तर हवंय. किडीने टोमॅटोची पानं पार बिघडवलीत. दुकानदाराने एक बाटली दिली. म्हणाला, हे विष नाही, झाडाची स्वतःची ताकद जागी करतं. लेबलवर मिथाइल जास्मोनेट लिहिलंय. नेटवर शोधलं तर 'मेदाम्लापासून बनणारं संप्रेरक' असं येतं, म्हणजे तेलच ना? उद्या पहाटे फवारणीला माणूस येतोय. मारू का नको, आणि पंपाला किती घेऊ, एवढंच सांगा.

बांधावरचा
दादा, कीड कोणती ते तर लिहा. फळ पोखरणारी अळी, नागअळी, फुलकिडे? लागवड कधीची? फुलं लागलीत का? बाटलीवर टक्के किती आहेत? पानाच्या खालच्या बाजूचाही फोटो टाका.

गच्चीतली बाग
बाटली ठेवा बाजूला. ऍस्पिरिनची गोळी पाण्यात विरघळवून अधूनमधून मारा. माझ्या कुंड्यांतले टोमॅटो त्याच्यावरच आहेत, रोगाचं नाव नाही.

पर्णरंध्र
ऍस्पिरिनचा सल्ला कृपया इथे नको, कारण खाली देते. मी वनस्पतिशास्त्र शिकवते, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

कुकडीकाठ, हे तेल नाही. अळीने पान कुरतडलं की हरितलवकाच्या पटलातून लिनोलेनिक आम्ल सुटं होतं. हे १८ कार्बनचं मेदाम्ल, जवसाच्या तेलात भरपूर असतं तेच. लायपॉक्सिजिनेज हे विकर (एन्झाइम) त्याला ऑक्सिजन जोडतं. पुढे तो रेणू पेरॉक्सिझोम या पेशीतल्या कप्प्यात जातो, तिथे त्याचे कार्बन दोन-दोनने कमी होतात आणि १२ कार्बनचं जास्मोनिक आम्ल उरतं. तुमच्या बाटलीतलं मिथाइल जास्मोनेट हे त्याचंच एक रूप; या सगळ्यांना मिळून जास्मोनेट म्हणतात. जास्मोनिक आम्लाला आयसोल्युसिन हे अमिनो आम्ल जोडलं गेलं की खरा संदेश तयार होतो. एरवी 'जाझ' नावाची प्रथिनं बचावाची जनुकं दाबून धरतात. हा संदेश आला की ती प्रथिनं मोडली जातात. मग पानात प्रोटिएज इनहिबिटर साठतात. ते पोटात गेले की अळीला प्रथिनं पचत नाहीत. ती लगेच मरत नाही, पण तिची वाढ खुंटते. एकच पान जखमी झालं तरी वरच्या धड पानांतही हे इनहिबिटर सापडतात. ग्रीन आणि रायन या संशोधकांनी १९७२ मध्येच बटाटा आणि टोमॅटोवर हे दाखवलं होतं.

आता ऍस्पिरिन. टोमॅटोच्या पानांवरच प्रयोग झालेत: ऍस्पिरिन दिलं की जखमेनंतर जास्मोनिक आम्ल बनणंच अडतं. म्हणजे अळीपुढे झाड आणखी उघडं पडतं.

गच्चीतली बाग
मग माझा अनुभव खोटा का? झाडं समोर उभी आहेत माझ्या.

पर्णरंध्र
खोटा नाही हो. सॅलिसिलेट, म्हणजे ऍस्पिरिनच्या जातीचं, झाडातही असणारं रसायन, काही बुरशी-जिवाणूंविरुद्ध कामाचं असतं. पण ते आणि जास्मोनेट बरेचदा एकमेकांना दाबतात. गच्चीवर अळीच नसेल तर तोटा दिसणार कुठून?

मोगरा_सांगली
अवांतर: गवत कापल्यावर जो हिरवा वास सुटतो, तोही याच मेदाम्लांचा. वेगळं विकर तुकडा पाडतं आणि हेक्झेनाल हवेत जातं. मिथाइल जास्मोनेट १९६२ मध्ये चमेलीच्या तेलातून वेगळं काढलं होतं. मला तर या माहितीनेच भरून आलं, इतकी वर्षं गजरे करतेय!

बांधावरचा
ताई, वास नंतर. माझं म्हणणं, हे सगळं बंद पेटीतलं. १९९० मध्ये फार्मर आणि रायन यांनी सेजब्रश या रानटी झुडपाच्या डहाळ्या टोमॅटोच्या रोपांसोबत हवाबंद ठेवल्या, डहाळ्यांतून उडालेल्या मिथाइल जास्मोनेटने टोमॅटोत इनहिबिटर वाढले. मान्य. उघड्या शिवारात वारा असतो, ऊन असतं. तिथे काय?

पर्णरंध्र
उघड्यावरही झालंय. कॅलिफोर्नियात टोमॅटोच्या शेतात जास्मोनिक आम्ल फवारलं, तेव्हा अळ्यांवर परजीवी गांधीलमाश्यांचा हल्ला दुपटीने वाढला, ते काम १९९९ मध्ये छापून आलं. मात्र फुकट काही नाही. दुसऱ्या एका अभ्यासात जास्मोनिक आम्ल दिलेल्या टोमॅटोला फळं उशिरा धरली आणि संख्येने कमी भरली. झाड बचावावर खर्च करतं तेव्हा वाढीला हात आखडतं. बाजाराचा हंगाम धरून लावलेल्या प्लॉटला हे परवडेल का, ते शेतकऱ्यानेच बघायचं.

सह्याद्रीमळा
फळाच्या बुडाला काळा डाग असेल तर कॅल्शियमची कमतरता. पाणी नियमित द्या.

कुकडीकाठ
फळाला काही नाही हो! पांढरी माशी आहे, आमच्या भागात सगळीकडे तीच तर आहे. झाड हलवलं की ढगासारखी उठते. शेंड्याची पानं बारीक, वर वळलेली, कडा पिवळ्या. काही झाडं बुटकीच राहिलीत. मात्रा सांगा ना कोणीतरी.

बांधावरचा
अहो, हा तर बोकड्या! पर्णगुच्छाचा विषाणू. चावणाऱ्या अळीवर एवढा वेळ बोलतोय आपण.

पर्णरंध्र
मग मात्रा विचारूच नका, उद्याची फवारणी थांबवा. पांढरी माशी पान कुरतडत नाही, सोंड थेट अन्नवाहिनीत घालते, त्यामुळे जखमेचा इशारा जेमतेम उठतो. ऍरॅबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतल्या छोट्या रोपावर तर असं दिसलंय की तिची पिल्लं झाडाचं सॅलिसिलेट वाढवून जास्मोनेटची बाजू दाबतात. आणि विषाणू एकदा झाडात शिरला की कुठलंच संप्रेरक फवारून तो निघत नाही. बुटकी झाडं आजच उपटा. आधी त्यांच्यावर पिशवी घाला, नाहीतर माशी उडून धड झाडांवर बसेल. पिवळे चिकट सापळे लावा, बांधावरचं तण काढा. माशीवर औषध कोणतं ते कृषी विज्ञान केंद्रात पान दाखवून ठरवा.

कुकडीकाठ
माणसाला फोन करून नको सांगितलं. पण बाटलीचे पैसे गेले ना. शेजारी मक्यात लष्करी अळी आहे, ती तर चावणारी. तिथे मारू?

पर्णरंध्र
लेबलवर मका आहे का ते आधी बघा, नसेल तर नको. मका स्वतःही अळीविरुद्ध बचाव करतो. लष्करी अळीच्या भावकीतल्या एका अळीच्या लाळेत व्होलिसिटिन सापडलं, १९९७ मध्ये. तेही मेदाम्ल आणि अमिनो आम्ल जोडूनच बनलेलं. ते जखमेला लागलं की मका वास सोडतो आणि गांधीलमाश्या येतात. म्हणून या माश्या मरतील असं औषध सरसकट मारू नका.

बांधावरचा
आणि अळी पोंग्यात, म्हणजे मक्याच्या मधल्या कोवळ्या पानांच्या गुंडाळीत, किती खोल गेलीय ते सांगा. या वेळी फोटोसकट.