पार्किन्सन्सची गोळी आणि काचबिंदू: कोणाला अनुभव आहे का?

मदत हवी आहे. आईचं वय ७१, आम्ही ठाण्यात पाचपाखाडीला राहतो. काचबिंदू जुनाच आहे, रात्री लॅटानोप्रोस्टचा एक थेंब चालू असतो, डोळ्याचं प्रेशर १६-१७ च्या आसपास. आता पार्किन्सन्सचं निदान झालंय. न्यूरोलॉजिस्टनी सिंडोपा (यात लेव्होडोपा असतं) आणि हाताच्या थरथरीसाठी पॅसिटेन लिहून दिलं.

पॅसिटेनने बाहुली मोठी होते आणि डोळ्याचा कोन (जिथून डोळ्यातलं पाणी बाहेर जातं) अरुंद असेल तर प्रेशर एकदम चढू शकतं, हे कळलंय. लेव्होडोपाच्या माहितीपत्रकातही अरुंद कोनाच्या काचबिंदूबद्दल इशारा आहे. अडचण अशी की आईच्या फाइलमध्ये नुसतं 'ग्लॉकोमा' लिहिलंय. कोन उघडा की अरुंद, कुठेच नाही. न्यूरोलॉजिस्टना फोन केला. डोळ्यांचा रिपोर्ट येईपर्यंत दोन्ही गोळ्या थांबवा म्हणाले. नेत्रतज्ज्ञांची वेळ पुढच्या आठवड्यात आहे. डोळा दुखला, दिव्याभोवती रंगीत वलयं दिसली किंवा उलटी झाली तर लगेच हॉस्पिटल गाठायचं, हेही माहीत आहे.

थेंब घालताना आईचा हात इतका हलतो की अर्धं औषध गालावरच ओघळतं, त्यामुळे ते आता मीच घालते.

गोनिओस्कोपीत (डोळ्याचा कोन बघायची तपासणी) कोन अरुंद निघाला, तर लेझर इरिडोटॉमी (लेझरने बुबुळाच्या रंगीत पडद्याला बारीक छिद्र पाडणं) करून मग या गोळ्या सुरू केल्यात असं तुमच्या घरी कोणाचं झालंय का? की डॉक्टरांनी पॅसिटेन टाळून दुसरंच काही दिलं? आणि सुरू केल्यावर प्रेशर किती दिवसांनी तपासायला सांगितलं?