नवीन .३२ पिस्तूल, रविवारी पहिल्यांदा रेंजवर जातोय. काय नेऊ, काय तपासू?

काजूवाला_डिचोली
नमस्कार मंडळी. हंगामात रोकड घेऊन सत्तरीच्या आतल्या गावांतून फिरावं लागतं, म्हणून परवान्याला अर्ज केला होता. पोलीस चौकशी, प्रशिक्षणाचा दाखला, जिल्हाधिकारी कार्यालयाच्या चकरा, सगळं उरकून एकदाचं देशी बनावटीचं छोटं .३२ पिस्तूल हातात आलंय. नोंदही झाली. रविवारी रेंजवर (नेमबाजीच्या सरावाच्या जागी) वेळ मिळालीय. यूट्यूब उघडलं की जो तो ९ एमएमचंच सांगतो, आणि ते आपल्याकडे पडलं प्रतिबंधित बोअर, म्हणजे साध्या परवान्यावर न मिळणारं. पहिल्या खेपेला राउंड (काडतुसं) किती न्यावेत? स्लाइड, म्हणजे वरचा मागे-पुढे सरकणारा भाग, इतकी घट्ट आहे की ओढताना अंगठा दुखतो, हे नेहमीचंच की पिस्तुलात खोट आहे? आणि नेम किती अंतरावरून धरू?

फौजी_फोंडा
अभिनंदन. आधी स्लाइडचं सांगतो. .३२ च्या बहुतेक छोट्या पिस्तुलांत नळी फ्रेमला पक्की असते आणि गोळी सुटताना स्लाइडला मागे जाण्यापासून रोखायला तिचं स्वतःचं वजन आणि स्प्रिंग एवढंच असतं. ९ एमएमसारखी नळी-स्लाइड एकत्र अडकवून ठेवणारी कुलपाची यंत्रणा नाही, म्हणून स्प्रिंग कडक द्यावी लागते. खोट नाही. अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत ओढू नका. डावा तळवा स्लाइडवरून टाका, चार बोटांनी मागचे खाचे पकडा आणि उजव्या हाताने पिस्तूल पुढे ढकला. नळीचं तोंड मात्र टार्गेटकडेच. नवशिक्या माणसाचं पिस्तूल जोर लावताना हटकून शेजाऱ्याकडे वळतं.

आता राउंड. दुकानातून आणलेल्या खोक्यावर काय लिहिलंय ते घरीच वाचा. पिस्तुलाचा .३२ म्हणजे ७.६५ ब्राउनिंग, १८९९ पासून चालत आलेला. रिव्हॉल्व्हरचा .३२ लाँग वेगळा, त्याची पुंगळी (काडतुसाची धातूची नळी) लांब असते. दोन्हींना लोक नुसतं ‘बत्तीस’ म्हणतात आणि काउंटरवर घोळ होतो. पुंगळीच्या बुडावर केएफ दिसलं तर ते आपल्या खडकीच्या दारूगोळा कारखान्याचं.

पिस्तूल घरी उघडून कारखान्याचं घट्ट तेल पुसून काढा, नळीतून कोरडं कापड फिरवा, स्लाइड सरकते त्या रुळांवर तेलाचा एकेक थेंब पुरे. रेंजवर पहिल्यांदा मॅगझिनमध्ये एकच राउंड भरा. सुटला, पुंगळी बाहेर पडली, ठीक. मग दोन. दुसरा आपोआप चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या घरात) चढतो का, आणि ट्रिगर एकदा दाबल्यावर एकच सुटतो का, ते बघा. नंतरच पूर्ण मॅगझिन. दोन मॅगझिन असतील तर नेलपॉलिशने १ आणि २ लिहून ठेवा, म्हणजे अडकतंय ते पिस्तुलामुळे की एकाच मॅगझिनमुळे ते कळतं. पहिल्या दिवशी तुमचा नेम कसा आहे हे कुणी विचारत नाही. हत्यार चालतं का, एवढंच पाहून या.

केप्याची_बागायत
आमच्याकडे डुकरांसाठी परवान्याची एकनळी आहे, पिस्तुलातलं फार कळत नाही. पण एक सांगतो, ‘आधी आपल्याच कुळागरात एक-दोन बार काढून बघ’ असं सांगणारे मित्र भेटतील. त्यांचं ऐकू नका. २०१९ च्या दुरुस्तीपासून इतरांच्या जिवाला धोका होईल असा जल्लोषातला किंवा निष्काळजी गोळीबार म्हणजे दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

दहा_मीटर
मी एअर पिस्तूल खेळते, .३२ पण चालवलंय. अंतराचं उत्तर: पाच मीटर. हसू नका. पाच मीटरवर कोऱ्या कागदाला नाण्याएवढा ठिपका काढा आणि पाच-पाच गोळ्या सावकाश मारा. भोकं एका जागी जमली की सातवर जा. दहाची घाई नको, या पिस्तुलांची नेम धरायची माशी (पुढचा उंचवटा) आणि मागची खाच इवलीशी असते.

उजव्या हाताने चालवत असाल तर भोकं डावीकडे खाली पडतील. नव्वद टक्के वेळा दोष पिस्तुलाचा नसतो, आवाजाच्या धास्तीने बोट ट्रिगर हिसकतं. यावर सोपा उपाय आहे. सोबत्याला मॅगझिन भरायला सांगा आणि मध्येच एखादा डमी (न उडणारा नकली) राउंड घालू द्या, कुठे ते तुम्हाला कळू देऊ नका. डमी आला की पिस्तूल सुटत नाही, पण तुमचं मनगट खाली झुकतं ते स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं. शंभर व्हिडिओ बघून जे कळत नाही ते यातून कळतं.

पकड उंच हवी, पण छोट्या पिस्तुलात अंगठा-तर्जनीमधला मांसल भाग स्लाइडच्या वाटेत येतो. एकदा सोलला गेला की पुढचे सगळे शॉट बिघडतात. आधी रिकाम्या पिस्तुलावर हळूच स्लाइड मागे नेऊन बघा, कुठे लागते ते.

काजूवाला_डिचोली
खूप आभार. चारही बोटं मुठीवर मावत नाहीत, करंगळी लोंबकळते. चालेल?

दहा_मीटर
चालेल. करंगळी मॅगझिनच्या बुडाखाली दुमडून घ्या. मनगट मात्र ढिलं नको, नाहीतर स्लाइडला पूर्ण मागे जायला आधार मिळत नाही आणि पुंगळी बाहेर पडायच्या खिडकीतच अडकते. तेव्हा माणूस दारूगोळ्याला शिव्या देतो.

फौजी_फोंडा
भरण्याचंही सांगायचं राहिलं. या राउंडच्या बुडाला बारीक कड असते. वरच्याची कड खालच्याच्या कडेमागे गेली तर दोन्ही एकमेकांत गुंततात आणि मॅगझिन तिथेच बसतं, झटका देऊनही सुटत नाही. प्रत्येक राउंड भरताना त्याची कड खालच्याच्या पुढे आहे ना, एवढं बघायचं.

आणि दोन गोष्टी पाठ करून जा. ट्रिगर दाबला, काहीच झालं नाही, तर तोंड टार्गेटकडे ठेवून तीस सेकंद थांबा, मगच स्लाइड ओढा. आणि ‘फुस्स’ असा दबका आवाज आला, धक्का कमी वाटला, तर पुढचा राउंड अजिबात मारायचा नाही. गोळी नळीतच अडकलेली असू शकते. पिस्तूल रिकामं करून रेंज अधिकाऱ्याला बोलवा.

कानाचं: पिस्तूल छोटं म्हणून आवाज छोटा नसतो. छपराखालची रेंज असेल तर फोमचे बोळे आणि वरून मफ. चष्मा. गळाबंद टी-शर्ट, चपला नकोत. गरम पुंगळी कॉलरमध्ये गेली की भलेभले पिस्तूल हातात ठेवूनच नाचतात.

म्हापशेकर_मावशी
आणि हात साबणाने धुतल्याशिवाय भाजी-पाव खायला बसू नका. शिसं असतं त्यात. आमच्या घरी दोघे शूटर आहेत, नाक्यावर गाडी थांबवली की मला हेच ओरडावं लागतं.

केप्याची_बागायत
परवान्यावर क्षेत्र काय लिहिलंय तेही बघा. नुसतं गोवा असेल तर सावंतवाडी-बेळगावच्या बाजूला नेता येणार नाही. आणि जत्रा, शिगम्याची मिरवणूक, शाळेचं आवार, इथे नेणं अटींतच बसत नाही. शिरगावच्या जत्रेला जाताना ते घरी कुलपात ठेवून जायचं.

काजूवाला_डिचोली
हे माहीत नव्हतं, बरं झालं सांगितलंत. शेवटचं विचारतो. पावसाळ्यात कसं ठेवायचं? दुकानदाराने चामड्याचं होल्स्टर गळ्यात मारलंय.

फौजी_फोंडा
चामडं घाम धरतं आणि आपल्या हवेत वाळतच नाही. काळ्या पॉलिशच्या पिस्तुलावर आधी स्लाइडच्या कडेला तांबूस रेघ दिसते, तिथूनच गंज धरतो. ट्रिगर पूर्ण झाकणारं कडक प्लास्टिकचं होल्स्टर घ्या, पँटमध्ये नुसतं खोचून फिरू नका. घरी आल्यावर तेलाचं फडकं फिरवा. खोक्यातल्या स्पंजमध्ये ठेवू नका, तोही ओल धरतो. तिजोरीत सिलिका जेलच्या पिशव्या ठेवा, दर महिन्याला बदला. निवडणुकीत ठाण्यात जमा करायची पाळी आली तर आधी तेल जरा जास्त लावा, आणि नंबर लिहिलेली पावती घेतल्याशिवाय हलू नका.

दहा_मीटर
राउंड किती, ते राहिलंच की! कोटा परवान्यावर असतो, तो एका रविवारी उडवू नका. पंचवीस पुष्कळ झाले. त्यानंतर हात थकतो आणि चुकीची सवय लागते. पुंगळ्या मोजून परत आणा, पुढचा कोटा मागताना हिशेब विचारतात. उरलेला सराव घरी रिकाम्या पिस्तुलावर, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवून.

काजूवाला_डिचोली
पंचवीसच नेतो. कुठली मॅगझिन अडली ते सोमवारी इथेच लिहीन.