मदत हवी आहे: दोन्ही अल्फा १ च्या आत, तरी एक प्रजाती संपतेच. का?

रानजाई
लोटका-व्होल्टेराचं स्पर्धेचं मॉडेल (एकाच अन्न-जागेसाठी झगडणाऱ्या दोन प्रजातींची संख्या कशी बदलते ते सांगणारं) स्प्रेडशीटमध्ये बसवलंय. पुस्तकात सरळ लिहिलंय की परक्या प्रजातीचा त्रास स्वतःच्याच प्रजातीच्या त्रासापेक्षा कमी असेल तर दोघी टिकतात. माझे अल्फा (परक्या प्रजातीचा त्रास, स्वतःच्या प्रजातीच्या त्रासाच्या तुलनेत) ०.८ आणि ०.७ आहेत. तरी दुसरी प्रजाती दर वेळी शून्यावर जाते, आणि वाढीचा दर तर तिचाच जास्त आहे! सूत्रं पुन्हापुन्हा तपासली, त्यात काही नाही. सकाळी हे सादर करायचंय. कृपया "मुळापासून वाचा" असं सांगू नका, तेवढा वेळ नाहीये.

समीकरणवाला
वहनक्षमता (प्रजाती एकटी असताना जास्तीत जास्त किती संख्या टिकते ती) किती धरल्यात? कोणता अल्फा कोणावर? सुरुवातीची संख्या? एवढं सांगितल्याशिवाय काहीच बोलता येणार नाही.

भरतीओहोटी
लाटा येत नसतील तर भक्षकाचा मृत्युदर कमी करून बघा. आधी भक्ष्य वाढतं, मागून भक्षक वाढतो, मग भक्ष्य पडतं. हे चक्र फिरत राहिलं पाहिजे. शून्यावर जात असेल तर बहुतेक वेळेची पायरी मोठी घेतली आहे.

समीकरणवाला
@भरतीओहोटी, ते भक्षक-भक्ष्याचं समीकरण. त्यालाही लोटका-व्होल्टेराचंच नाव असलं तरी इथे कोणी कोणाला खात नाहीये. एकाच साधनावर दोघींचा डोळा आहे.

रानजाई
लाटांचा प्रश्नच नाही माझा. पायरी छोटी करूनही तेच होतं. सुरुवातीला दोघी १०-१०. आर, म्हणजे वाढीचा दर, पहिलीचा ०.५, दुसरीचा ०.९. दुसरीचा पहिलीवर परिणाम ०.८, पहिलीचा दुसरीवर ०.७. दुसरी आधी भराभर वाढते, ३८० च्या पुढे जाते आणि मग उतरायला लागते. याचंच कोडं आहे.

पाखरवेडा
सुरुवातीची संख्या बदला. दुसरीला २०० पासून सुरू करा, जो आधी जागा पकडतो तो जिंकतो.

समीकरणवाला
आधी आल्याचा फायदा टिकतो तो दोघीही एकमेकींना स्वतःपेक्षा जास्त छळत असतील तेव्हा. इथे तसं दिसत नाही. रानजाई, वहनक्षमता अजून सांगितली नाहीत.

तळ्याकाठी
मी तर म्हणेन अल्फा सोडूनच द्या. अल्फा म्हणजे "किती त्रास होतो" याचा नुसता आकडा. त्रास का होतो ते त्यात कुठेच नाही. टिलमनने १९७७ मध्ये दोन डायॅटम (पाण्यातली सूक्ष्म शैवालं) घेऊन दाखवलं ते बघा. अ‍ॅस्टेरिओनेला कमी फॉस्फेटवर तग धरते, सायक्लोटेला कमी सिलिकेटवर. जी प्रजाती साधन सगळ्यात खालच्या पातळीपर्यंत खेचूनही जगते ती त्या साधनापुरती जिंकते. दोन्ही साधनांचं प्रमाण मधलं ठेवलं की एकीची अडचण सिलिकेट, दुसरीची फॉस्फेट, आणि दोघी राहतात. खरं कारण हातात येतं.

रानजाई
मला मॉडेल बदलायचं नाहीये, ठरवून दिलेलं आहे. वहनक्षमता पहिलीची १०००, दुसरीची ५००. त्याने काय फरक पडतो? अल्फा तर १ च्या आतच आहेत ना?

समीकरणवाला
त्यानेच सगळा फरक पडतो. "अल्फा १ पेक्षा कमी" हा नियम दोघींची वहनक्षमता सारखी असेल तेव्हाचा. ती सारखी नसेल तर तुलना करायची ती अल्फाची आणि वहनक्षमतांच्या गुणोत्तराची.

असं करून बघा. कल्पना करा की पहिली प्रजाती पूर्ण भरली आहे, १००० वर. त्यात दुसरीचे मोजके जीव सोडले. त्यांच्यासाठी जागा किती उरली? ५०० वजा (०.७ × १०००), म्हणजे उणे २००. त्या वाढूच शकत नाहीत. आता उलट करा: दुसरी ५०० वर भरलेली, त्यात पहिली सोडली. १००० वजा (०.८ × ५००) म्हणजे ६०० ची मोकळीक. पहिली आरामात घुसते, दुसरी घुसू शकत नाही, म्हणून शेवटी पहिलीच उरते.

दोघी टिकायच्या तर दोघींनाही दुसरीच्या भरल्या घरात शिरता आलं पाहिजे. तुमच्या आकड्यांत पहिलीचा दुसरीवरचा अल्फा ०.५ च्या खाली हवा. आरने फक्त वेग ठरतो, निकाल ठरत नाही. म्हणून दुसरी आधी पुढे पळते आणि पहिली भरत आली की मागे ढकलली जाते.

खडकनिरीक्षक
गणित बरोबर आहे, पण यावरून निसर्गात असंच चालतं असा समज करून घेऊ नका. पेनचा १९६६ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग घ्या: त्याने किनाऱ्यावरच्या खडकांवरून पिसास्टर हा शिंपले खाणारा तारामासा काढून टाकला. शिंपल्यांनी खडक व्यापले आणि १५ प्रजातींच्या ८ राहिल्या. म्हणजे भक्षक होता तोवर स्पर्धेचा निकाल लागतच नव्हता. मॉडेलमध्ये भक्षक नाही, वादळ नाही, ऊन नाही.

समीकरणवाला
यात माझ्या म्हणण्याला विरोध कुठे आला? भक्षक काढल्यावर शिंपल्यांनी बाकीच्यांना हुसकलं, म्हणजे स्पर्धा होतीच, दबलेली होती.

खडकनिरीक्षक
विरोध अल्फा कायमचा धरण्याला आहे. थॉमस पार्कचे पिठातले किडे घ्या, ट्रायबोलियमच्या दोन प्रजाती. उष्ण-दमट हवेत कॅस्टेनियम जिंकते, थंड-कोरड्या हवेत कन्फ्यूजम. मधल्या हवामानात कधी ही, कधी ती. अ‍ॅडेलिना नावाचा परजीवी असेल तर एरवी हरणारी कन्फ्यूजम बहुतेक वेळा जिंकते. त्याच दोन प्रजाती, तेच पीठ. मग अल्फा कोणता लिहायचा?

समीकरणवाला
त्या त्या परिस्थितीतला. तापमान बदललं की वहनक्षमता आणि अल्फा दोन्ही बदलतात, हे कोणीच नाकारत नाही.

तळ्याकाठी
म्हणूनच म्हणत होतो की साधनं मोजा.

पाखरवेडा
मुळात स्वतःच्याच प्रजातीतली स्पर्धा जास्त का असते, यावर कोणी बोललंच नाही. तो या सगळ्याचा पाया आहे. निकल्सनचे माश्यांवरचे प्रयोग आठवा. अळ्यांना अन्न ठरावीक दिलं आणि अळ्या वाढवत नेल्या, तर एका टप्प्यानंतर प्रत्येकीच्या वाट्याला इतकं थोडं येतं की एकही अळी मोठी होत नाही. सगळं अन्न संपतं आणि एकही माशी तयार होत नाही. एकाच प्रजातीच्या गरजा सारख्या, खायची वेळ सारखी, जागा सारखी, म्हणून झळही सगळ्यात जास्त.

रानजाई
पहिलीचा दुसरीवरचा अल्फा ०.४ केला. पहिली ८८२ वर थांबली, दुसरी १४७ वर, आणि कितीही पुढे नेलं तरी तिथेच राहतात! समीकरणवाला, मनापासून आभार. आता एकच: ०.७ चा ०.४ खऱ्या जगात होतो कसा, हे विचारलं तर काय सांगू?

पाखरवेडा
निश (प्रजाती काय खाते, कुठे आणि कशी जगते ते) वेगळी झाली की. गॅलापागोसच्या डॅफ्ने मेजर बेटावरचे फिंच पक्षी सांगा, पीटर आणि रोझमेरी ग्रँट यांचं काम. १९७७ च्या दुष्काळात मध्यम फिंचांपैकी मोठ्या चोचीचे जास्त वाचले, कारण उरल्या होत्या त्या टणक बिया. १९८२ मध्ये तिथे मोठा फिंच स्थायिक झाला. पुढचा मोठा दुष्काळ आला २००४ च्या सुमारास. या वेळी टणक बिया मोठ्या फिंचांनी फस्त केल्या आणि मध्यम फिंचांमधले मोठ्या चोचीचेच जास्त मेले. त्या प्रजातीची सरासरी चोच लहान झाली. बेट तेच, दुष्काळही तसाच, पण स्पर्धक आल्यामुळे निवड नेमकी उलट्या दिशेने झाली. अन्न जितकं वेगळं, तितका अल्फा कमी.

खडकनिरीक्षक
चोच बदलायला पिढ्या जाव्या लागतात. त्यापेक्षा गॉसचं पॅरामेशियम (पाण्यातले एकपेशीय जीव) सोपं पडेल. त्याच्या तीन प्रजाती घ्या: ऑरेलियासोबत ठेवलं तर कॉडॅटम संपतं. बर्सारियासोबत ठेवलं तर दोन्ही राहतात, कारण कॉडॅटम वर तरंगणारे जीवाणू खातं आणि बर्सारिया तळाशी बसलेलं यीस्ट. कोणीच बदललं नाही, फक्त जोडीदार वेगळा.

भरतीओहोटी
मग कॉडॅटमला खाणारा डिडिनियम त्यात सोडला तर? त्याच्या लाटा तरी येतील का?

खडकनिरीक्षक
गॉसने तेही केलं होतं. डिडिनियमने सगळे पॅरामेशियम खाल्ले आणि मग स्वतः उपाशी मेला. त्यासाठी वेगळा धागा काढा, लिहितो तिथे.

समीकरणवाला
रानजाई, दोन्ही उदाहरणं चालतील, वेळ कमी असेल तर गॉस घ्या. आणि सादर करताना १०-१० पासून सुरू करू नका. पहिली १००० वर ठेवा आणि त्यात दुसरीचे १० सोडा. अल्फा ०.७ असेल तर पहिल्याच पायरीला १० चे सहाच्या आसपास होतात, ०.४ असेल तर साडेअकराच्या पुढे जातात. दोन्ही आलेख शेजारी-शेजारी लावा.