लाल दोरा, पत्रिका आणि ‘आपल्याकडे मेलं प्रेमच नाही’

खवट_काकडी (धागाकर्ती)
परवा एका गटावर पोस्ट वाचली. म्हणे चिनी-जपानी लोकांकडे बघा, जन्मोजन्मीच्या जोडीदारांना अदृश्य लाल दोरा बांधलेला असतो, किती तरल कल्पना! आणि आपल्याकडे काय, तर छत्तीस गुण, मंगळ आणि मानपान. खाली बदामांचा पाऊस.

अहो, ती कथा कुणी वाचलीये का? नवव्या शतकातल्या ली फू-यानच्या कथासंग्रहात आहे. वेइ गू नावाचा लग्नाला उतावळा तरुण एका सराईत उतरलेला. स्थळाची बोलणी करायला पहाटे देवळाशी जातो, तर पायरीवर एक म्हातारा पोतडीला टेकून चांदण्यात वही वाचतोय. वहीत जगातली लग्नं, पोतडीत लाल दोऱ्या. दोरी पायाला बांधतात बरं का, करंगळी ही जपानी आवृत्ती. एकदा बांधली की दोन घरांत हाडवैर असलं तरी सुटका नाही. “माझी बायको कुठाय?” तर म्हणे बाजारात भाजी विकणाऱ्या काण्या बाईच्या कडेवरची तीन वर्षांची पोर.

आपला प्रेमवीर काय करतो? सुरीला धार लावून नोकराला देतो, पोरीला मारून ये म्हणून. वार काळजाऐवजी दोन भुवयांच्या मध्ये बसतो. चौदा वर्षांनी साहेबांचं लग्न होतं, मुलगी बड्या अधिकाऱ्याच्या घरची. कपाळावरचं फूल ती न्हातानाही काढत नाही. का, ते कळलंच असेल.

यात तरल काय आहे? ही ठरवून केलेल्या लग्नाची जाहिरात आहे. पळू नका, पळून उपयोग नाही, एवढंच सांगते.

चहाटळ
शेवट सोयीस्कर गाळलात. खरं कळल्यावर दोघं एकमेकांना जास्तच मान द्यायला लागतात, हेही त्याच कथेत आहे. आणि हजार वर्षांपूर्वीची कथा आजच्या माणसाच्या गळ्यात का मारताय? तैपेईच्या श्याहाई देवळात या चंद्राखालच्या म्हाताऱ्यापुढे लग्नाळू पोरं-पोरी स्वतःहून रांग लावतात. लाल दोरा पाकिटात ठेवतात, लग्न जमलं की मिठाई घेऊन नवस फेडायला येतात. त्यांना कुणी दावं लावून आणत नाही.

खवट_काकडी
हो, आणि आपल्याकडे मुली सोळा सोमवार ‘स्वतःहून’ करतात.

पोथीनिष्ठ
दोघंही वरवरचं बोलताय. ‘लाल महालाचे स्वप्न’ ही चिनी कादंबरी घ्या. दाइयू मागच्या जन्मी रोपटं होती, बाओयूने तिला पाणी घातलं. ते ऋण या जन्मी अश्रूंनी फेडायला ती आली. इतकं पूर्वसंचित असून लग्न कुणाशी? बाओचाइशी, कारण तिचं सोन्याचं लॉकेट त्याच्या रत्नाशी जुळतं. म्हणजे नियतीही दोन! नवरीचं तोंड झाकून त्याला फसवतात आणि तिकडे दाइयू प्राण सोडते. लाल दोऱ्याला यापेक्षा सणसणीत उत्तर कुणी दिलेलं नाही.

चहाटळ
मग 1598 चं ‘पिओनी मंडप’ हे चिनी नाटकही सांगा की. लिन्यांग स्वप्नात भेटलेल्या तरुणासाठी झुरून मरते, आणि तोच तिला थडग्यातून जिवंत बाहेर काढतो. तिला कुणी ठरवून दिलं होतं?

पोथीनिष्ठ
तिथेही फुलांचा देव सांगतो की जोडी आधीच ठरलेली आहे. पण ठीक आहे, अर्धा गुण दिला.

माहेरची_साडेसाती
तुमची पुस्तकं राहू द्या. माझ्या आत्याचे बत्तीस गुण जुळले होते. गुरुजी म्हणाले, लक्ष्मीनारायणाचा जोडा. नारायणाने दुसऱ्या वर्षी तिच्या पाटल्या गहाण टाकल्या आणि तिसऱ्या वर्षी तिला माहेरी आणून सोडलं. वटपौर्णिमेला आजी तिला म्हणाली, “फेऱ्या घाल, पण उलट्या घाल.” दोरा लाल असो की वडाचा पांढरा, गुंडाळायचा बाईनेच.

कारकून_नं_२
जुन्या जपानी म्हणीत आई-बाप आणि मुलांचं नातं एका जन्माचं, नवरा-बायकोचं दोन जन्मांचं आणि मालक-नोकराचं तीन जन्मांचं. आमच्या मॅनेजरला कृपया कुणी हे सांगू नका.

सप्तमीचा_चंद्र
चिनी दंतकथेतले विणकर कन्या आणि गुराखी कुणालाच आठवले नाहीत? आकाशगंगेच्या दोन तीरांवर दोघं, वर्षातून एकदा सातव्या महिन्याच्या सप्तमीला मॅगपाय पक्ष्यांच्या पुलावर भेट. जपानने 1873 पासून इंग्रजी कॅलेंडर घेतलं आणि बऱ्याच ठिकाणी तानाबाता, म्हणजे या भेटीचा तिथला सण, 7 जुलैला नेऊन ठेवला, ऐन पावसाळ्यात! तारे दिसत नाहीत, भेट चुकते. तिथीचं वाटोळं केलं की असं होतं.

खवट_काकडी
ती भेट कशी झाली तेही सांगा. बैलाच्या सल्ल्याने गुराख्याने आंघोळ करणाऱ्या मुलीचे कपडे पळवले. सोलमेट!

सप्तमीचा_चंद्र
तो एक पाठ. दुसऱ्यात बापानेच लग्न लावून दिलं आणि लेकीने विणकाम सोडलं म्हणून ताटातूट केली. मुद्दा तिथीचा आहे.

रोखठोक_नाना
जपानातच सेंदाइ शहरात 6 ते 8 ऑगस्टला करतात, काय बिघडलं? तारीख लक्षात राहते, सुट्टी टाकता येते. तिथी शोधायला पंचांग घेऊन बसायचं का?

माहेरची_साडेसाती
झालं. आता शिवजयंती काढा.

रोखठोक_नाना
मी काढलेली नाही. तुम्हीच काढलीत.

सप्तमीचा_चंद्र
नाना, सप्तमीचा अर्धा चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास मावळतो आणि मग आकाशगंगा उजळते. सगळी कथा त्या आकाशावर बेतलेली आहे. 7 जुलैला पौर्णिमा आली तर काय बघणार, डोंबल? आणि ते दोन तारे म्हणजे आपले अभिजित आणि श्रवण. चिनी सातवा महिना बहुतेक वर्षी आपल्या श्रावणाशीच जुळतो, तो अधिक महिन्याचा घोळ सोडला तर.

रोखठोक_नाना
घोळ सोडला तर! हेच म्हणतोय मी मघापासून. तिथीवाल्यांची अक्कल नेहमी अधिक महिन्यात अडकते.

सप्तमीचा_चंद्र
वैयक्तिक येऊ नका. तुमच्या तारखेच्या हट्टापायी तिथे दरवर्षी दोन जीव पावसात ताटकळतात.

खवट_काकडी
अभिजित-श्रवण मान्य. लाल दोरा अजूनही अमान्य. कपडेचोर तर साफ अमान्य.

कारकून_नं_२
2006 साली चिनी सातवा महिनाच अधिक आला होता. सप्तम्या दोन. मग त्या वर्षी दोघं दोनदा भेटले का?

रोखठोक_नाना
विचारा, विचारा त्यांना.

सप्तमीचा_चंद्र
पंचांग बघून सांगतो.