साथीच्या नोंदी मागण्याचा अधिकार केंद्राला कोणी दिला?

शिरस्तेदार (धागालेखक)

आरोग्य हा विषय समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदे करता येतील अशा विषयांच्या यादीत, न्यावा, अशी भूमिका पंधराव्या वित्त आयोगाचे अध्यक्ष एन. के. सिंह यांनी मांडली, तेव्हापासून ‘साथ आली की केंद्राचे हात बांधलेले असतात’ हे वाक्य वारंवार कानावर येते. माझा आक्षेप नेमका उलटा आहे. केंद्र आणि राज्यांत विषय वाटून देणाऱ्या, संविधानाच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीची ६ वी नोंद सार्वजनिक आरोग्य, स्वच्छता, रुग्णालये आणि दवाखाने राज्यांकडे सोपवते. केंद्राकडे राहते ते बंदरांवरचे आणि आंतरराज्य विलगीकरण. असे असताना, २००४ पासून चालत आलेल्या एकात्मिक रोग सर्वेक्षण प्रकल्पातून गावोगावच्या तापाचे आणि जुलाबाचे आकडे दिल्लीला जातात, ते कोणत्या कायद्याने? १८९७ चा साथरोग कायदा पाहिला, तर त्याचे मुख्य अधिकार राज्य सरकारला आहेत. केंद्राला त्यात इतके थोडे मिळते, की मार्च २०२० मधल्या टाळेबंदीसाठी २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याचा आधार घ्यावा लागला. सर्वेक्षण ही केवळ योजना आहे, आणि योजनेमागे निधी असतो, अधिकार असतोच असे नाही.

सीमेवरचा डॉक्टर

आपण सूची अर्धीच वाचली आहे. मी कर्नाटकच्या सीमेलगतच्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात काही वर्षे काढली. आरोग्यसेविकेचा ‘एस’ नमुना (लक्षणांवरून संशयित रुग्ण), माझा ‘पी’ (डॉक्टरच्या मते संभाव्य रुग्ण) आणि प्रयोगशाळेचा ‘एल’ (तपासणीने पक्के झालेले रुग्ण), असे तीन कागद दर आठवड्याला तालुक्याला जात, आणि बहुतेक रकान्यांत ‘निरंक’ लिहिलेले असे. एका हंगामात ऊसतोड कामगारांच्या टोळीत गॅस्ट्रोचे रुग्ण निघाले. आमच्या हद्दीतले सगळे पाणी तपासून झाले, टीसीएल (पाणी निर्जंतुक करणारी क्लोरीनची भुकटी) टाकून झाले, तरी रुग्ण येतच राहिले, कारण टोळी ज्या विहिरीचे पाणी पीत होती ती पलीकडच्या राज्यात होती. तिकडच्या नोंदी मागण्याचा मला अधिकार नव्हता आणि आमच्या नोंदी पाहण्याचा त्यांना नव्हता.

घटनाकारांना हे ठाऊक होते. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात संसर्गजन्य रोग पसरू न देणे ही समवर्ती सूचीची २९ वी नोंद आहे, आणि राज्यसूचीतील विषयांसंबंधी चौकशी व सांख्यिकी ही त्याच सूचीची ४५ वी नोंद आहे. रुग्णालय राज्याचे असेल, पण त्यातल्या रुग्णांची मोजणी समवर्ती आहे.

शिरस्तेदार

४५ वी नोंद मी लक्षात घेतली नव्हती, हे मान्य. पण तिने संसदेला कायदा करण्याची मुभा मिळते, मंत्रालयाला हुकूम काढण्याची नाही. अनुच्छेद ७३ चे परंतुक, म्हणजे त्याला जोडलेली अपवादाची अट, स्पष्ट आहे : समवर्ती विषयात, संविधानाने किंवा संसदेच्या कायद्याने तसे स्पष्टपणे म्हटल्याखेरीज, केंद्राचा कार्यकारी अधिकार राज्यात चालत नाही. रोग सर्वेक्षणासाठी असा स्वतंत्र कायदा संसदेने केलेलाच नाही. तेव्हा तुमचे तीन कागद राज्याच्या संमतीने जात होते, आणि उद्या एखाद्या राज्याने ते थांबवले, तर त्याला कोणत्या कलमाखाली जाब विचारणार?

पेठेतला वाचक

दोघेही केंद्र आणि राज्य यांच्या वाटणीतच अडकले आहेत. ज्याची नोंद होते, त्याला कोणी विचारतच नाही. आम्हा पुणेकरांना साथीचे सर्वेक्षण म्हटले, की १८९७ च्या प्लेगमधली गोऱ्या शिपायांकडून झालेली घरझडती आणि २२ जूनच्या रात्री प्लेग अधिकारी रँडवर झाडलेली गोळी आठवते. त्या वेळी अधिकार नव्हता असे नाही, कायदा ताजाच होता. त्याला मर्यादा नव्हती. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या पुट्टस्वामी निकालाने खासगीपणा मूलभूत हक्क ठरवला आणि राज्यसंस्थेच्या हस्तक्षेपासाठी कायदा, उचित हेतू आणि प्रमाणबद्धता या अटी घातल्या. तरीही मे २०२० मध्ये कामाच्या ठिकाणी आरोग्य सेतू सक्तीचे झाले ते आदेशाने, आणि सुमारे पंधरवड्यात ती सक्ती सैल झाली तीही आदेशानेच.

सीमेवरचा डॉक्टर

खासगीपणाचा मुद्दा रास्त आहे, पण तो सगळ्या नमुन्यांना सारखा लागू होत नाही. ‘एस’ नमुन्यात संख्या असे, माणूस नसे. क्षयरोगाच्या नोंदणीत मात्र नाव आणि पत्ता असतो, कारण रुग्णाने औषध मध्येच सोडले, तर त्याला शोधावे लागते. कायदा करायचाच, तर हा फरक त्यात लिहावा. मात्र कायदा होईपर्यंत नोंदी थांबवा, असे कोणी म्हणू नये. आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांनुसार गंभीर घटनेचे मूल्यांकन झाल्यावर २४ तासांत जागतिक आरोग्य संघटनेला कळवावे लागते, आणि ते कळवणार दिल्लीच, जिल्हा परिषद नव्हे.

शिरस्तेदार

ते नियम पाळण्यासाठी अनुच्छेद २५३ आहे. आंतरराष्ट्रीय करार अमलात आणायला राज्यसूचीतील विषयावरही संसद कायदा करू शकते. पण तिथेही शब्द ‘कायदा’ हाच आहे. राज्यांनाच पुढाकार घ्यायचा असेल, तर अनुच्छेद २५२ ची वाट, म्हणजे राज्यांनी ठराव करून संसदेला कायदा करायला सांगण्याची, १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याने दाखवली आहे, आणि त्यासाठी ठराव करणाऱ्या तीन राज्यांत महाराष्ट्र आणि गोवा होते. नोंदी थांबवा, असे मी म्हणत नाही. ज्या कागदावर तुम्ही ‘निरंक’ लिहीत होता, त्याच्या माथ्यावर कायद्याचे कलम छापलेले असावे, एवढेच मागतो.