गुडघेदुखीवर डीएमएसओ लावावे का?

प्रश्न : केळी उत्पादक, यावल

नमस्कार. माझ्या वडिलांनी सत्तरी ओलांडली असून त्यांच्या दोन्ही गुडघ्यांची झीज झाल्याचे हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे पाहून सांगितले आहे. सुरतेच्या एका नातेवाइकांनी त्यांच्यासाठी डायमिथाइल सल्फॉक्साइड, म्हणजेच डीएमएसओ, या द्रवाची बाटली आणून दिली. हे गुडघ्यांना चोळावे, थोडे पाण्यातून प्यावे, संधिवातापासून कर्करोगापर्यंत सगळे बरे होते आणि अमेरिकेत यास औषध म्हणून मान्यता आहे, असे त्यांचे म्हणणे आहे. बाटलीवर शुद्धता 99.9 टक्के छापली आहे. मात्र त्याखाली 'केवळ प्रयोगशाळेतील वापरासाठी' असेही लिहिले आहे. आबा अजून रोज बागेत जातात, फवारणीही स्वतःच करतात आणि त्यांना रक्त पातळ ठेवण्याची गोळी सुरू आहे. यात तथ्य किती आणि धोका किती, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर : औषधनिर्माता, जळगाव

भाऊ, मान्यतेची गोष्ट खरी आहे, पण अर्धीच. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 1978 मध्ये डीएमएसओच्या 50 टक्के द्रावणाला मान्यता दिली ती मूत्राशयाच्या एका चिवट, वेदनादायी दाहासाठी, आणि तेही नळीवाटे थेट मूत्राशयात सोडण्यापुरती. गुडघ्यासाठी नुसत्या डीएमएसओला तशी मान्यता नाही. डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाचे जे द्रावण तेथे गुडघ्यावर लावण्यासाठी मिळते, त्यात सुमारे 45 टक्के डीएमएसओ असते, परंतु तेथे त्याचे काम औषध त्वचेच्या आत पोहोचवण्याचे आहे.

हे रसायन एका रशियन शास्त्रज्ञाने 1866 मध्ये प्रथम तयार केले आणि पुढे कागदाच्या लगद्याच्या उद्योगातून ते मुबलक मिळू लागले. ओरेगॉनचे शल्यविशारद डॉ. स्टॅन्ली जेकब यांनी 1960 च्या दशकात त्याचे वेदनाशामक गुण पुढे आणले, तेव्हा मोठी आशा निर्माण झाली होती. मात्र प्रयोगातील प्राण्यांच्या डोळ्यांतील भिंगात बदल आढळल्याने 1965 मध्ये माणसांवरील चाचण्या थांबवण्यात आल्या. माणसांत तसा दोष नंतर ठळकपणे दिसला नाही, हेही सांगितले पाहिजे. संधिवाताबाबत मात्र ठोस निष्कर्ष आजही नाही. डीएमएसओ लावलेल्या माणसाच्या श्वासाला लसणासारखा वास येतो, त्यामुळे कोणाला खरे औषध मिळाले आणि कोणाला नुसते पाणी, हे चाचणीत लपवणेच अवघड जाते. कर्करोग बरा होतो या दाव्याला आधार नाही.

माझी खरी काळजी वेगळीच आहे. हा विद्रावक स्वतः तर त्वचेतून झपाट्याने आत जातोच, शिवाय त्वचेवर जे काही असेल त्यातले बरेच काही सोबत नेतो. पंप पाठीवर घेऊन केळीवर फवारणी करणाऱ्या माणसाच्या हातांवर, पोटऱ्यांवर आणि धोतराच्या काठावर कीटकनाशकाचा अंश राहतोच. हातपाय धुतले तरी तो पूर्ण जातो असे नाही. त्याच हातांनी हा द्रव गुडघ्याला चोळणे म्हणजे एरवी त्वचेने बरेचसे अडवले असते ते विष रक्ताकडे जाण्यासाठी दार उघडून देणे होय. आपल्या भागात कापसावर आणि केळीवर किती फवारण्या होतात हे आपण सगळे जाणतो, म्हणून हे मुद्दाम लिहीत आहे. विषाची परीक्षा पाहू नये.

उत्तर : प्रयोगशाळा तंत्रज्ञ, मूळ शिरपूरची

आम्ही मूळपेशी अतिशीत तापमानात साठवताना साधारण 10 टक्के डीएमएसओ वापरतो, कारण त्यामुळे पेशींच्या आत बर्फाचे स्फटिक होऊन त्या फुटत नाहीत. हा त्याचा उत्तम आणि सिद्ध उपयोग आहे, म्हणून या रसायनाला सरसकट नावे ठेवणे मला पटत नाही. पण प्रयोगशाळेची बाटली आणि औषधाची बाटली यांत फरक असतो. 99.9 टक्के शुद्ध असले तरी उरलेल्या अंशात काय आहे, हे औषधासाठी लागते तसे तपासलेले नसते. शिवाय ते काही प्रकारचे प्लास्टिक विरघळवते, त्यामुळे घरातल्या कुठल्याही डबीत काढून ठेवू नये. ते 18.5 अंशांना गोठते. धुळ्याच्या थंडीत बाटलीत पांढरा खडा झालेला पाहून कोणी ती चुलीजवळ ठेवू नये, कारण ते पेटू शकते.

पुन्हा प्रश्नकर्ता

आभारी आहे. नातेवाइकांच्या आग्रहाने आबांनी काल सायंकाळी एका गुडघ्याला ते लावलेच. तेथे त्वचा लाल होऊन खाज सुटली आहे आणि तोंडाला लसणासारखी चव येते. आता काय करावे?

उत्तर : औषधनिर्माता, जळगाव

लाली, खाज आणि ती चव हे परिणाम नेहमी आढळणारे आहेत. गुडघा भरपूर साध्या पाण्याने धुवावा आणि त्यावर दुसरे कोणतेही मलम चोळू नये. अंगभर पित्त उठले, श्वास लागला, किंवा फवारणीनंतर येतात तशी मळमळ, घाम, लाळ अशी लक्षणे दिसली, तर बाटली सोबत घेऊन थेट रुग्णालय गाठावे. रक्त पातळ करणाऱ्या गोळीचा परिणाम डीएमएसओमुळे वाढण्याची शक्यता असल्याने, ती गोळी देणाऱ्या डॉक्टरांना उद्याच कळवावे. गोळी आपल्या मनाने मात्र बंद करू नये. पिण्याचा विचार तर पूर्णपणे सोडावा. गुडघ्यासाठी डायक्लोफेनॅकचे साधे जेल चालेल का, हेही त्याच भेटीत विचारावे आणि मांडीच्या स्नायूंचे व्यायाम शिकून घ्यावेत.